उंदरांच्या बिळातली ज्वारी

माणूस शेती करू लागला, एका जागी राहिला आणि सुखी झाला, असं मी पुढे धुळ्याच्या शाळेत कितीतरी वर्षं शिकवलं. पोरं माना डोलवत. माझ्या मात्र ते वाक्य घशात अडकायचं, कारण शेतीने माणसाचं काय होतं ते मी पारोळ्याजवळच्या आमच्याच मळ्यात पाहिलं होतं.

आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, भिल्ल होता. त्याचे आईबाप डोंगरात मोहाची फुलं आणि कंद खाऊन जगले. नांगर धरणारा त्यांच्यातला हा पहिलाच. जंगलात शिपाई शिरू देईनात म्हणून तो खाली उतरला. आबा, म्हणजे माझे वडील, चारचौघांत सांगायचे, "याले मीच माणसंमा लयना." माणसात आणलं म्हणजे काय, तर डोंगरात भूक लागली की तो दुसऱ्या रानात जायचा, आमच्याकडे भूक घेऊन तिथेच बसायचा.

त्या साली ज्वारी बेताचीच पिकली. कापणीनंतर उंदरांची बिळं खणायची आणि त्यांनी ओढून नेलेली कणसं खणणाऱ्याने घरी न्यायची, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. सालदार तापाने पडलेला, झोपडीत दाणा नाही. त्याची बायको पाच-सहा वर्षांच्या लेकीला घेऊन दोन दिवस बांध खणत होती. टोपलंभर कणसं निघाली.

मी तेव्हा वीस वर्षांचा, धुळ्याहून नुकताच शिकून आलेला दीडशहाणा. मी तिला खळ्यावर अडवलं. म्हटलं, उंदरांनी चोरली म्हणून ज्वारीचा मालक बदलत नाही.

"जाऊ दे रे, वहिवाट शे," आबा म्हणाले. पण मला वाद जिंकायचा होता.

बाईने टोपलं पोटाशी धरलं. "जमीन तुमनी शे, भाऊ. उंदीर कोना शेतस?"

"उंदीर बी आमनाच," मी म्हणालो. खळ्यावरची माणसं फिदीफिदी हसली आणि मला, लाज वाटते सांगायला, फार बरं वाटलं. टोपलं मीच हिसकावलं.

आईने ती ज्वारी घरात घेतली नाही. उंदरांचं उष्टं कोण खाणार? सगळी कणसं बैलांच्या गव्हाणीत गेली. संध्याकाळी गोठ्यात गेलो तर ती पोर गव्हाणीला टेकून बैलाच्या तोंडाखालचे दाणे वेचून खात होती. बैलाने तोंड जरा बाजूला घेतलं होतं.

माझ्या हातात आसूड होता. तो मी नुसता उगारला, असं मी बायकोला सांगितलं, मित्रांनाही सांगितलं. साफ खोटं. दोन फटके मारले. पोर रडली नाही. तिने तोंडातले दाणे तळहातावर काढले आणि हात माझ्यापुढे केला.