रुपचंदच्या जेवणाच्या जागा

रुपचंदला कुणी घर कुठे म्हणून विचारलं, तर तो जळगावच्या जिनिंग कारखान्यामागची आपली एक खोली सांगे. मनातल्या मनात मात्र त्याचं घर चांगलं ऐसपैस होतं. स्टेशनासमोरचं चहाचं हॉटेल ही त्याची ओसरी. मेहरूणच्या वाटेवर हिवाळ्यात भरीत-भाकरी मिळे, ती टपरी म्हणजे अंगण. आणि धुळ्याच्या बाजारामागच्या गल्लीतली जीवरामची खानावळ हे स्वयंपाकघर. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला मोटारीने काही तास लागत, एवढंच.

तो कापसाचा पारखी होता. बाजाराच्या दिवशी धुळ्याला जाऊन सकाळभर गाड्यांतला कापूस चिमटीत धरून त्याचा धागा ओढून पाहायचा, लांबी सांगायची आणि पुढच्या गाडीकडे वळायचं. दुपारी खानावळीत शिरताना भुवयांवर कापसाची तुसं असत. मग चुलीचा धूर, आतून येणारा भाकरी थापल्याचा आवाज, शेवेच्या रश्श्याचा तिखट वास. भिंतीला टेकून बसलं की बाजाराचा गलका दूरच्या गावचा वाटू लागे. तो सावकाश जेवे, आणि जेवणाचा शेवटचा भाग तर जवळजवळ झोपेतच होई. खानावळीच्या रिवाजाप्रमाणे आपलं ताट आपण उचलून मोरीवर न्यायचं, विसळून भिंतीशी पालथं घालायचं, हे सगळं हात आपसूक करत. वीस वर्षांत त्याने त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

छप्पन सालच्या दिवाळीआधी त्याला ताप आला आणि आठ दिवस तो खोलीत पडून राहिला. शेजारचा एकजण जवळच्या खानावळीतून डबा आणून उशाशी ठेवी. डब्यात जे असेल ते. रुपचंदला कण्यांची आंबट पेज खावीशी वाटत होती. पण काय खाशील म्हणून विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून सांगायचाही प्रश्न नव्हता. बरा झाल्यावर तो थोरल्या बहिणीकडे, ताईबाईकडे गेला आणि म्हणाला, "अक्का, माझं कुठे जमतं का बघ."

"एक्केचाळीस वर्षांचा झालास," ताईबाई म्हणाली. "आता सुचलं होय?"

"आता भूक लागली."

"इतकी वर्षं काय उपाशी होतास?"

तरीही तिने शोध घेतला. पारोळ्याला नथ्थू नावाचा शेतकरी होता. त्याची बहीण सुनंदाबाई एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, आता तेहतीसची. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची, तिचं पुन्हा लग्न करून द्यायची रीत होती, पण तिच्यासाठी कुणी फारशी खटपट केली नव्हती. ती गेली तर आठ माणसांचं रांधणार कोण, हा त्या घरापुढचा खरा प्रश्न होता.

माघातल्या एका सकाळी रुपचंद आणि ताईबाई पारोळ्याला गेले. बोलणी बरी झाली. मग पानं वाढली. कळण्याची भाकरी, पाटोड्यांचा रस्सा, वर तेलाची धार. ओसरीवर कोवळं ऊन होतं आणि आतून भाकरी थापल्याचा तोच संथ, ठरावीक आवाज येत होता. तो कुणाच्या हातांचा आहे, हे रुपचंदला ठाऊक होतं. जेवता जेवता त्याच्या डोळ्यांपुढे आपली खोली आली. तिच्यात चूल होती, चुलीपाशी कुणीतरी होतं आणि विचारत होतं. तो इतका सुखावला की आपण कुठे आहोत याचं भान राहिलं नाही. शेवटचा घास झाला, तसा तो उठला, ताट उचललं, बायका बसल्या होत्या त्या माजघरातून सरळ मोरीवर गेला, ताट विसळलं आणि भिंतीशी पालथं घातलं.

नथ्थू दारात येऊन उभा राहिला.

"पाव्हना, आमना घरमा कोनी बाई नही का?" तो म्हणाला. "आमनं घर काय खानावळ शे?"

"चुकलं," रुपचंद म्हणाला. "सवय आहे."

"बावळट आहे माझा भाऊ," ताईबाई घाईने म्हणाली. "मनात काही नसतं त्याच्या."

"बठ्ठी गल्ली, सारी गल्ली हासी आमले," नथ्थू म्हणाला, आणि पानदान पुढे न करता आत वळला. पानदान पुढे आलं नाही, म्हणजे बोलणी संपली. रुपचंदने टोपी नीट केली. त्याला दिसलेली चूल एवढ्यात विझलीही होती.

तेवढ्यात सुनंदाबाई चुलीपाशी बसूनच बोलली. तिचा आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला.

"जठे गडीमानसं आपलं ताट आपुन उचलतस, ती जागा माले देखनी शे. मंग सांगसू."

"तुले काय करनं शे देखीसन?" नथ्थू म्हणाला.

"माले जानं शे का तुले?"

नथ्थू परसात निघून गेला.

पुढच्या मंगळवारी ताईबाई सुनंदाबाईला घेऊन धुळ्याला आली. रुपचंद मोटारस्टँडवर उभा होता. रात्री त्याला नीट झोप लागली नव्हती. त्याला घरची चूल हवी होती, आणि ही बाई तर खानावळ बघायला निघाली होती. दोन उलट दिशांच्या मोटारी एका स्टँडवर थांबाव्यात, तसं काहीतरी हे होतं.

जीवराम पळी हातात धरून बघतच राहिला. "रुपचंदभाऊ, माझ्याकडे बाया कधी आल्या नाहीत. बसवू कुठे?"

"मी बसतो तिथेच."

"तिथे तुम्ही झोपता."

शेवटी जीवरामने कोपऱ्यातली ज्वारीची पोती सरकवून जागा केली. बाकीच्यांनी जरा वेळ माना वळवून पाहिलं, मग जो तो आपल्या ताटात गेला. तिघांची ताटं आली. शेवेची भाजी, कांदा, तव्यावरून थेट उतरलेली भाकरी. सुनंदाबाईने हात मांडीवरच ठेवले.

"खा ना," रुपचंद म्हणाला.

"बठ्ठास्नं व्हऊ द्या."

जीवराम हसला. "बाई, इथे सगळ्यांचं कधी होतच नाही. एक उठतो, दुसरा बसतो. दिवेलागणीपर्यंत बसाल."

तिने भाकरीला हात लावला आणि चटकन काढून घेतला. बोटं पोळली. इतकी वर्षं सगळ्यांच्या मागून जेवलेल्या बाईला गरम भाकरी मोडायची सवयच नव्हती. रुपचंदने ते पाहिलं. त्याने आपल्या ताटातली भाकरी मधोमध मोडली, वाफ जाऊ दिली आणि ताट तिच्याकडे सरकवलं. ती जेवू लागली, सावकाश, डोळे अर्धे मिटून. तो स्वतः असाच जेवतो, असं जीवराम त्याला नेहमी सांगे.

निम्मं जेवण झाल्यावर ती म्हणाली, "रांधानं माले जड नही. पन तुमले घर पाहिजे म्हंतस. घर म्हनजे मन्हा हातनी भाकर का?"

रुपचंदने विचार केला. होय म्हणावं असं वाटत होतं, पण ते पुरतं खरं नव्हतं.

"भाकरी मला कुठेही मिळते," तो म्हणाला. "तापात पडलो होतो, तेव्हा काय खाशील म्हणून कुणी विचारलं नाही. तेवढंच हवं होतं."

"मी रोज आठ जनसले इचारस," ती म्हणाली. "माले कोनी नही इचारं."

ताईबाईने मान खाली घालून कांदा खाल्ला. रुपचंदने पाण्याचा तांब्या बाजूला केला आणि म्हणाला, "तुम्हाला काय आवडतं?"

तिने ताटातला कांदा उचलला, परत ठेवला. मग म्हणाली, "काय माहीत. चाखीच नही देखं."

तेव्हा रुपचंद बोलू लागला. एरवी कापसाच्या लांबीपलीकडे न बोलणारा हा माणूस एकेक जागा सांगत गेला. मेहरूणच्या वाटेवर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात आणि लाकडी बडगीत मिरच्यांसकट कुटतात. सोनगीरला आग्रा रस्त्यावर ट्रकवाले खाटांवर बसून जेवतात, तिथली डाळ. जळगावला सकाळी पहिल्या गाडीच्या वेळचा चहा. खानावळीतला उजेड कलत गेला, माणसं उठली, नवी बसली. ती ऐकत होती, आणि त्याला वाटत होतं, आपण एकेका खोलीचं दार उघडून दाखवतो आहोत.

"एवढ्या जागा एका दिवसात नाही व्हायच्या," ताईबाई म्हणाली.

"नाहीच," रुपचंद म्हणाला. "आठवड्यातून एक. बाकीचे दिवस घरी. तिथेही मी विचारीन." मग जरा थांबून त्याने सुनंदाबाईला विचारलं, "कोणता वार ठेवू?"

तिने उरलेल्या भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, तो भिजेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, "बुधवार."