बाबली बागव्याचं ब्रायडल पॅकेज

मसुऱ्याच्या बाबली बागव्याला राणी कुणी शिकवली नाही. विशीत तो दशावतारी मंडळात झांज वाजवायला बसायचा. एका जत्रेत बायकांची कामं करणारा नट तापाने आडवा झाला. मंडळाचे मालक गणपतमामा राजाच्या वेशात तणतणत आले, बाबलीच्या हातातली झांज काढून घेतली, त्याला लुगडं नेसवलं आणि दिलं रंगमंचावर ढकलून. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. गोष्ट काय ते सगळ्यांना ठाऊक, बाकी बोलायचं-वागायचं ते ज्याने त्याने उभ्या उभ्या. त्या रात्री बाबली असा काही बोलला, की पुढच्या ओळीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तेव्हापासून दिवसा भातशेती आणि काजू सांभाळणारा बाबली जत्रांच्या दिवसांत मंडळाची राणी झाला, तो पार चाळिशी ओलांडेपर्यंत.

मग पोट सुटलं. ते सगळ्यांचंच सुटतं, त्यात काय मोठं? पण राणीचं सुटलं की गावाला दिसतं. हंगामातल्या शेवटच्या प्रयोगात वनवासातलं पद म्हणताना बाबलीला मधेच धाप लागली, सूर तुटला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘राणीक बसाक खुर्ची देवा रे!’’ सगळं मैदान हसलं. बाबलीचं तोंड रंगाच्या खाली काळंठिक्कर पडलं.

दुसऱ्या दिवशी गणपतमामांनी त्याला अंगणात बोलावून घेतलं.

‘‘बाबली, येत्या वर्साक मंडळातल्या विनीत पोराक राणी करूया. तरणो आसा, सडपातळ आसा. तू राक्षस हो. तुझो आवाज बरो आसा.’’

‘‘राणी माझी आसा, मामानू,’’ बाबली म्हणाला. ‘‘राक्षस व्हूक माका सवड नाय.’’

‘‘मगे पोट कमी कर आणि दम वाढव. जत्रा सुरू होयसर बघतंय.’’

एवढ्यावरच तो थांबला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण बाबलीच्या डोक्यात तिडीक गेली होती. तो तसाच मालवणला गेला आणि सॅविओच्या जिममध्ये नाव घालून आला.

चूक झाली ती तिथे, आणि ती अर्धी बाबलीची होती. सॅविओने ‘‘काय करायचंय?’’ असं विचारलं नाही आणि बाबलीने सांगितलं नाही. भिंतीवर फुगलेल्या दंडांचे फोटो, भोवती आरशात स्वतःलाच न्याहाळणारी पोरं. तिथे ‘माका राणी व्हूचां आसा’ असं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. सॅविओने बोर्डावरचं पहिलं पॅकेज त्याच्या गळ्यात घातलं. ‘‘बाबलीदा, अशी बॉडी बनवून देतो, गाव बघत राहील!’’

आणि दिली की बनवून! शेतात राबलेलं शरीर ते, लोखंड हातात पडताच फुलून आलं. श्रावण सरता सरता पोट आत गेलं खरं, पण खांदे दाराच्या चौकटीला लागायला आले. दम होता तेवढाच. एका दुपारी बाबलीने राणीची चोळी काढली, अंगात घातली, पदातल्या सवयीने दोन्ही हात वर केले आणि चोळी बगलेपासून टर्रकन फाटली. त्याची बायको किशोरी आधी पोट धरून हसली. मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. बाबली रडत होता.

पण रडून बसणारा माणूस नव्हे तो. दुसऱ्या दिवशी त्याने ती फाटकी चोळी पिशवीत घातली आणि जिम पोरांनी भरलेली असताना सॅविओच्या टेबलावर पसरली.

‘‘ह्यां माका घालूचां आसा. तू केलंस त्या अंगावर ह्यां बसणा नाय.’’

कुणीतरी शीळ घातली. बाबली वळला. ‘‘शीळ जत्रेत घाल रे, थंय माका तिची सवय आसा. हयसर घातलंस तर तुझ्या आवशीक सांगान.’’ ते पोर आरशाकडे तोंड करून उभं राहिलं.

मग बाबलीने बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. स्नायू कमवा, वजन घटवा, वजन वाढवा. अगदी तळाशी गुलाबी अक्षरांत ब्रायडल पॅकेज: नवरीसाठी खास, कंबर, पाठ, डौलदार चाल आणि दिवसभर उभं राहण्याचा दम.

‘‘ह्यां दी,’’ बाबलीने बोट ठेवलं.

सॅविओला वाटलं, घरात कुणाचं लग्न आहे. ‘‘कोणासाठी?’’

‘‘माझ्यासाठी.’’

‘‘बाबलीदा, तां लग्न ठरलेल्या चेडवांसाठी आसा!’’

‘‘माझां दर जत्रेत ठरता. ह्या तालुक्यात माझ्याइतक्या वेळा बोहल्यावर चढलेली दुसरी नवरी दाखव, मी गुपचूप घराक जातंय.’’

सॅविओ खजील होऊन हसला. अडचण खरी होती. ते पॅकेज सकाळच्या बायकांच्या तासात चालायचं आणि तो तास त्याची बायको क्लॉडिया घ्यायची. तिथे पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, असा तिचाच नियम. ‘‘माझ्या हातात नाय,’’ तो म्हणाला. बाबलीला हे पटलं. बायकांचा तास, तेव्हा बायकांनीच ठरवावं. तो चोळी टेबलावर ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसला.

क्लॉडियाने दुसऱ्या दिवशी ती चोळी दाखवून बायकांना विचारलं. बराच वेळ खल झाला म्हणे. शेवटी मासळीबाजारात बसणारी एक जाडजूड बाई म्हणाली, ‘‘ह्या माणसान माका किती वेळा रडयलां आसा, एकदा त्येका घाम गाळताना बघूचोच आसा माका.’’ निकाल लागला. दोनच अटी होत्या: शेवटच्या रांगेत उभं राहायचं आणि बायकोला सोबत आणायचं.

किशोरीने नाक मुरडलं. ‘‘माझो व्यायाम शेतात जाता. माका ही थेरां कित्याक?’’

‘‘माझ्यासाठी.’’

‘‘तुमच्यासाठी मी आजपर्यंत काय काय केलंय, त्यात ह्यांय घाला,’’ ती म्हणाली, पण आली.

पहिल्याच सकाळी क्लॉडियाने कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला. ‘‘बाबलीदा, तुम्हांला नक्की करायचंय काय? दाखवा बघू.’’ आणि बाबलीने, भर जिममध्ये, गंजीफ्रॉक आणि अर्ध्या चड्डीवर, वनवासातलं पद गिरक्यांसकट करून दाखवलं. कुणी हसलं नाही. मधेच धाप लागली तेव्हा तर मुळीच नाही.

‘‘दम आणि पाय,’’ क्लॉडिया म्हणाली. ‘‘लोखंड बंद. पण आलेले खांदे इतक्यात जायचे नाहीत, हे आताच सांगते.’’

गावात व्हायची ती चर्चा झाली. बाबली बायकांत उड्या मारतो, बाबलीचं डोकं फिरलं, बागव्यांचं नाव घालवलं. बाबलीने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. घाम इतका जायचा, की असल्या गोष्टींचा राग अंगात टिकायलाच जागा नव्हती.

त्याला राग आला तो वेगळ्याच कारणाने. एकदा क्लॉडियाने सगळ्यांना वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन चालायला लावलं. बाबली शेवटच्या रांगेतून बघत होता. पुढे किशोरी निघाली, ताठ, हात सोडून, पिशवी जशी काही नाहीच. तिच्या खांद्यांकडे त्याचं लक्ष गेलं. भाताचे भारे, पाण्याच्या कळशा, दोन्ही मुलं, सगळं वाहिलेले ते खांदे त्याच्या खांद्यांइतकेच रुंद होते. मासळीवालीचे तर त्याहून. आणि आपण इतकी वर्षं राणी म्हणून काय दाखवत आलो? खांदे चोरून, अंग आकसून, भिजल्या कोंबडीसारखं उभं राहायचं! रानात एकटी राहिलेली, पोर वाढवणारी बाई अशी असते होय? बाबलीला स्वतःच्या बावीस वर्षांची लाज वाटली आणि पाठोपाठ असा संताप आला, की तो पिशवी घेऊन आणखी एक फेरी मारून आला.

त्या दुपारी त्याने किशोरीला सांगितलं, ‘‘खांदे कमी करूचे नाय. चोळी वाढव.’’ तिने शिवण उसवली आणि स्वतःच्या लग्नाच्या शालूची पट्टी त्यात घातली.

जत्रा तोंडावर आल्या. गणपतमामांनी त्याला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ‘‘पोट गेलां, पण ह्ये खांदे कसले? राणी आसा की हमाल?’’

‘‘राणीच आसा. पयलो प्रयोग माका देवा. लोक हसले, तर मी आपणहून लुगडां विनीताच्या हातात देतंय.’’

पहिला प्रयोग संध्याकाळी लागला. क्लॉडियाच्या तासाच्या सगळ्या बायका पुढे येऊन बसल्या होत्या, किशोरी मधोमध. बाबली बाहेर आला तो मान वर करून, खांदे उघडे टाकून. कुजबुज झाली. वनवासातलं पद आलं. तीन गिरक्या, वरचा सूर, पुन्हा गिरक्या. धाप नाही की काही नाही. मृदंगवाला चकित होऊन लय वाढवत गेला, बाबली त्याच्याही पुढे.

पण खरं पुढेच होतं. नाटकात राणीला शोधत आलेला घायाळ राजा रानात कोसळतो आणि राणी त्याच्या छातीवर डोकं टेकून शोक करते. इतकी वर्षं हेच चाललेलं. गणपतमामा ठरल्याप्रमाणे कोसळले, डोळे मिटले, आणि शोकाची वाट बघत पडून राहिले. बाबली त्यांच्याजवळ आला. वाकला. पदर कमरेला खोचला.

‘‘रानात रडत बसायला राणीला वेळ नाही, स्वामी,’’ तो म्हणाला, आणि मुकुटासकट अख्खे गणपतमामा उचलून त्याने खांद्यावर घेतले.

‘‘मेल्या, खाली घाल माका!’’ मामा त्याच्या पाठीत पुटपुटले.

‘‘बोलू नका, स्वामी,’’ राणी खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘तुम्ही बेशुद्ध आहात.’’

मैदान हसलं, पण ते हसू वेगळंच होतं, आणि पुढच्या ओळीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. राजाला खांद्यावर घेऊन राणी सावकाश, ताठ, रंगमंचाला एक पूर्ण फेरी घालून आत गेली. चोळीची शिवण जागची हलली नाही.

प्रयोग संपल्यावर मामा आत मुकुट काढून पेटाऱ्यावर बसले. त्यांनी तोंडावरचा रंग पुसायला घेतला.

‘‘उद्याच्या जत्रेक राणी तूच,’’ ते म्हणाले. ‘‘पण परत माका उचलू नको.’’

बाबली आरशासमोर कुंकू नीट करत होता.

‘‘तां मी कसां सांगू, मामानू?’’ तो म्हणाला. ‘‘ऐन वेळेर राणीच्या मनात काय येतला, तां राणीकच ठावक.’’