खालच्या आवाजातले वाक्य

नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या दैनिकाचे जिल्हा कार्यालय होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथे एक संगणक आला आणि त्याला जोडलेली दोन टर्मिनल आली. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. माऊस नव्हता, चित्रे नव्हती. काळ्या पडद्यावर हिरवी मराठी अक्षरे उमटत. दिवसभर जमलेला मजकूर संध्याकाळी टेलिफोनच्या तारेवरून औरंगाबादच्या मुख्य कार्यालयात जाई.

एका टर्मिनलवर मी बसत असे आणि दुसऱ्यावर घनसावंगीहून आलेला एक सहकारी. तो आधी तिथला वार्ताहर होता. बातम्या कागदावर लिहून जालन्याच्या जीपवाल्याच्या हाती पाठवायचा आणि ते कागद मी नीट करायचो. तो कार्यालयात रुजू झाला तेव्हा मी तिथे जुना होतो. संगणक आला तेव्हा मात्र आम्ही दोघेही सारखेच नवे झालो. हे सारखेपण फार दिवस टिकले नाही.

लिहिण्यासाठी व्हीआय नावाचा प्रोग्राम होता. शिकवायला आलेल्या माणसाने त्याला ‘संपादक’ म्हटले. आमचे कार्यालयप्रमुख हसले.

“एक संपादक औरंगाबादला बसून कापतात, ते कमी पडत होतं का? आता हा दुसरा धाडला.”

प्रमुख घरी उर्दू बोलत आणि कार्यालयात कोणाला अनुस्वारही चुकू देत नसत. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो.

या दुसऱ्या संपादकाची रीत अशी होती. लिहिताना तो मुकाट लिहू देई. एस्केपची कळ दाबली की लिहिणे थांबे आणि तो हुकमाची वाट पाही. एखादी ओळ उचलायची तर इंग्रजी वाय दोनदा दाबायचा आणि जिथे ती पुन्हा हवी तिथे जाऊन पी दाबायचा. पण आमचा कळफलक मराठीत चालू असायचा. म्हणून आधी एस्केप, मग भाषा बदलायची कळ, मग हुकूम, मग पुन्हा भाषा. एक ओळ उचलायला एवढी कवायत. माझी बोटे तिच्यात अडखळत. त्याची अडखळत नसत. मी कळ शोधत असताना शेजारून आवाज येई, सलग, पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखा.

त्याने लवकरच आणखी एक सोय शोधून काढली. उचललेला मजकूर ठेवायला प्रोग्रामच्या पोटात खण होते आणि त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे होती. त्याने ‘ए’मध्ये अंत्यविधी ठेवला, ‘बी’मध्ये बाजारभाव, ‘आर’मध्ये रास्ता रोको आणि ‘एस’मध्ये सत्कार. निधनाची बातमी आली की तो वरची दोन वाक्ये टाईप करी आणि ‘ए’चा खण उघडून खाली ओती: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ मग फक्त माणसे कमी-जास्त करायची. रास्ता रोकोत वाहतूक काही काळ विस्कळीत झालेलीच असायची. सत्काराला मान्यवर मोठ्या संख्येने हजर असायचेच.

मी त्याच बातम्या प्रत्येक वेळी पहिल्या अक्षरापासून लिहीत होतो. प्रत्येक मृत्यू वेगळा असतो, असे मी त्याला एकदा म्हणालो.

“माणूस येगळा मरतो, भाऊ,” तो म्हणाला. “‘असा परिवार आहे’ हे तेच राह्यतं ना?”

माझे मत बरोबर होते. पण माझी बोटे त्याच्यासारखी चालली असती तर मी ते इतक्या जोराने मांडले असते का, हे सांगता येणार नाही.

त्याचे काम उजेड असतानाच संपे. तो खाली जाऊन बियाणेवाल्यांच्या बाकावर चहा घेत बसे. तालुक्याहून आलेले लोक तिथेच भेटत, बोलत, आणि वर येताना त्याच्याजवळ नवी बातमी असे. मी खिडकीतून त्याचे डोके पाही. मला हेवा वाटे तो बोटांचा आणि त्या बाकावरच्या जागेचाही. ती त्याने माझ्या डोळ्यांसमोर, दोन अक्षरे दाबून मिळवली होती.

मीही उचलाउचल शिकायचे ठरवले. एका ग्रामपंचायतीच्या बातमीत ओळ उचलताना एस्केप दाबायचे राहिले आणि भाषाही मराठीच राहिली. वाय म्हणजे आमच्या कळफलकावर ब आणि पी म्हणजे ज. ओळ उचलली गेली नाही. हुकूमच मजकुरात उमटला. मी तो पाहिला नाही, औरंगाबादनेही पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी छापून आले: ‘या वेळी सरपंच बबज उपस्थित होते.’

साहेबांनी अंक टेबलावर ठेवला. “हे बबज कोण? कोणत्या पार्टीचे?”

शेजारच्या टर्मिनलवरून उत्तर आले. “अपक्ष आहेत, साहेब. भाऊंच्या वळखीचे.”

पुढे कितीतरी दिवस तो सकाळी आल्यावर विचारायचा, “भाऊ, बबजराव येऊन गेल्ते का?” साहेब हसायचे. मीही हसायचो, कारण न हसणे जास्त वाईट दिसले असते.

त्याच हिवाळ्यात औरंगाबादला उपसंपादकाची एक जागा निघाली. आमच्या कार्यालयातून एकाचे नाव साहेबांनी कळवायचे होते. जिल्ह्याचे पान आम्ही भरायचो, पण ते लावले जायचे तिकडे. कोणती बातमी वर, कोणती खाली, मथळा काय, हे सगळे तिथल्या टेबलावर ठरे. मला त्या टेबलाशी बसायचे होते. नोकरीला लागलो त्या दिवसापासून एवढेच हवे होते. मी जुना होतो, त्यामुळे नाव माझेच जाणार असे कार्यालयात सगळे धरून चालले होते. तोही तसेच म्हणे. “भाऊ, तिकडं गेल्यावर आमच्या बातम्या कापू नका बरं का.”

त्या दिवसांत पिंपळगाव रेणुकाईचे एक निवृत्त मुख्याध्यापक वारले. त्यांच्या हाताखालून गेलेले काही जण जालन्यात नोकरीला होते. मी त्यांना भेटलो, गुरुजींविषयी विचारले आणि बातमी लिहिली. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य घातले: ‘ते आले की बोलणी खालच्या आवाजात होत, आणि ते निघून गेल्यावरही बराच वेळ तशीच होत.’ त्याला लागूनच, ओळ न तोडता, पश्चात असलेला परिवार.

हे वाक्य चांगले आहे हे मला ठाऊक होते. निधनवार्तेत असे वाक्य कोणी लिहीत नसे. बातमी छापून आली. साहेब म्हणाले, “ठीक.” आणखी कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. त्या खणांचा एक दोष होता. संगणक बंद पडला की ते रिकामे होत, म्हणून माझा सहकारी प्रोग्राममधून कधी बाहेर पडत नसे. लाईट आल्यावर त्याला सगळे खण नव्याने भरावे लागत. दोन्ही टर्मिनलचा मजकूर एकाच संगणकात होता आणि सगळ्यांत ताजी निधनवार्ता माझी होती. त्याने ती उघडली, शेवटच्या परिच्छेदावर जाऊन वाय दोनदा दाबला आणि परिच्छेद ‘ए’मध्ये ठेवला. ओळ मी तोडली नव्हती, त्यामुळे प्रोग्रामच्या लेखी तो सगळा परिच्छेद एकच ओळ होता. परिवाराबरोबर माझे वाक्यही खणात गेले. हे मला तेव्हा कळले नाही.

मग घनसावंगीहून फोन आला. तिथली म्हातारी सुईण गेली होती. निम्मे गाव तिच्या हातावर जन्मले होते, आणि त्या निम्म्यात माझा सहकारीही होता. त्याने चार ओळींत तिची माहिती दिली, ‘ए’चा खण ओतला, ‘ते’चे ‘त्या’ केले, पत्नी काढून मुलगा आणि सून ठेवली. बातमी गेली.

सकाळी छापलेला अंक मी नेहमीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचत आलो. आतल्या पानावर, खाली, ती बातमी होती. ‘त्या आल्या की बोलणी खालच्या आवाजात होत, आणि त्या निघून गेल्यावरही बराच वेळ तशीच होत.’

मी ते पुन्हा वाचले. गुरुजींच्या बातमीत त्या वाक्यात धाक होता. इथे घरात बाळ झोपलेले होते.

त्या दिवशी कार्यालयाचा फोन वाजत राहिला. घनसावंगीचे लोक होते, तिथून जालन्यात येऊन राहिलेले होते. एका बाईने विचारले, लिहिणारा सुईणीला भेटला होता काय. दुपारी औरंगाबादहून संपादकांचा फोन आला. दुसरा संपादक नव्हे, पहिलाच. सुईणीची बातमी कोणी लिहिली, असे त्यांनी विचारले. साहेबांनी सहकाऱ्याचे नाव सांगितले.

तो चहा घेऊन वर आला तेव्हा मी म्हणालो, “ते वाक्य माझं आहे.”

“कोणतं, भाऊ?”

“खालच्या आवाजाचं. गुरुजींच्या बातमीतलं.”

“हां. ते तुमचं व्हय? ते परिवाराच्या संगं आल्तं. मी खोडायला गेल्तो.”

“मग?”

“मंग वाचलं. तर बराबर बसून राह्यलं होतं. म्हणलं, राहू द्यावं.”

त्याने ते न वाचता सोडले असते तर मला चालले असते. ती चूक ठरली असती आणि ती मला साहेबांना दाखवता आली असती. पण त्याने वाचले होते. जे मला दिसले नव्हते ते त्याने दुसऱ्याचे वाक्य खोडता खोडता पाहिले होते.

तरीही मी साहेबांकडे गेलो. दोन्ही कात्रणे शेजारी शेजारी ठेवली. साहेबांनी चष्मा बदलला आणि दोन्ही मोठ्याने वाचली. आधी गुरुजी, मग सुईण.

“लिहिलं तू,” ते म्हणाले. “बिलकुल तूच लिहिलं. त्यात शक न्हाई.”

“मग औरंगाबादला तसं कळवा.”

“काय कळवू? गुरुजीला लिहिलेलं वाक्य सुईणीला चांगलं दिसलं, म्हणून याला घ्या?” ते चिडलेले नव्हते. “अरे भई, त्या टेबलावर काय काम असतं? कोणाचं काय कुठं बसतं, ते बघायचं. दुसरं काय असतं?”

“त्यानं ते उचललं, साहेब.”

“सगळंच उचललेलं असतं. तू ‘पश्चात परिवार’ काय स्वतः जन्माला घातलास?”

मी कात्रणे उचलली. साहेबांनी दोन दिवसांनी नाव कळवले. ते त्याचे होते. मला त्यांनी बोलावून सांगितले, आणि जालन्याला अनुभवी माणूस लागतो, असेही म्हणाले. हे वाक्य त्यांना याआधी दुसऱ्या एकाला सांगताना मी ऐकले होते.

तो जाताना पेढे घेऊन आला. माझ्या टेबलावर पुडा ठेवून म्हणाला, “भाऊ, तुमच्यामुळं गेलो.” तो हे मनापासून बोलत होता.

नंतर मी औरंगाबादहून येणारे पान रोज सकाळी तपासत असे. मथळ्यांवरून त्याचा हात ओळखू येऊ लागला. माझी बातमी खालून वर गेली की मला राग येई, आणि वरून खाली गेली तरी येई. त्याने माझे एकही वाक्य विनाकारण कापले नाही. कापले असते तर बरे झाले असते.

दोन-तीन वर्षांनी उसाच्या बातमीसाठी घनसावंगीला गेलो. परतीची जीप भरायला वेळ होता. ज्या शेतकऱ्याशी बोलत होतो त्याने चहाला घरी नेले. बैठकीत भिंतीवर देवाच्या तसबिरींच्या रांगेत एक कात्रण काच लावून टांगले होते. घर सुईणीचे होते. शेतकरी तिचा मुलगा होता, हे मला तेव्हा कळले.

त्याची बायको चहा घेऊन आली. मी कात्रण पाहतो आहे हे तिने पाहिले.

“आत्याबाईचं आहे,” ती म्हणाली. “वाचा ना मोठ्यानं. मला बारीक अक्षर दिसत न्हाई, अन् ह्यांना कधी टाईम नसतो.”

मी उभा राहून वाचले. वय, गाव, अंत्यविधी. मग ते वाक्य. मग मुलगा आणि सून.

“सून म्हंजे मी,” ती म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, “ते आवाजाचं परत वाचा बरं.”

मी परत वाचले.

“बिलकुल अस्संच होतं,” ती नवऱ्याला म्हणाली. “माझ्या येळेला न्हाई का, ह्या दुसऱ्या बाळंतिणीकडं निघून गेल्या तरी तुम्ही सगळे कुजबुजून राह्यले होते. बाप्या माणसाला हे कसं कळलं असंल?”

“गावचाच पोरगा आहे लिहिणारा,” शेतकरी मला सांगू लागला. “आता औरंगाबादला मोठा झाला पेपरात. तुम्ही वळखत असाल त्याला.”

“ओळखतो,” मी म्हणालो. “माझ्या शेजारी बसायचा.”

“मंग सांगा त्याला,” ती म्हणाली. “म्हणावं, एकदा घरी येऊन जा. जेवून जा म्हणावं.”

मी बरे म्हणालो आणि जीप गाठली. तो निरोप मी त्याला अजून दिलेला नाही.