बुरुजावरचा जवळा

घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. तरी लिहायचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

सरांनी माहीमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या बुरुजाची माहिती आणि पर्यटकांसाठी सूचना लिहून आणायला सांगितल्या होत्या. त्या मार्कांवर माझं पास-नापास ठरणार होतं. पोर्तुगीजांच्या काळाबद्दल पुस्तकात दोन ओळी सापडल्या. सूचना मात्र मी आत्याला विचारल्या, कारण ती बुरुजाच्या सपाट माथ्यावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळवते.

"लिव," ती म्हणाली, "वर येनाऱ्यानं झाडूनं जवळा एकदा खालीवर करायचा."

आमच्याकडे तशी रीतच आहे, म्हणून मी ते तसंच लिहिलं. वर्ग हसला. सर म्हणाले, "रविवारी स्वतः जाऊन बघतो, मग मार्क देतो."

रविवारी मी भीतीनं घराबाहेर पडलो नाही. संध्याकाळी आत्या आली.

"तुजे सर येऊन गेले. जवळा खालीवर केला. एक कोपरा ऱ्हायला व्हता, तो मी परत करायला लावला."

"मग?"

"जाताना घाम पुसत म्हनले, पोरानं लिवलंय ते खरं हाय. पास करतो."