कावळे माझ्याकडंच बघत होते

अख्ख्या गावाला मी जन्मभर टोप्या घातल्या, पण एकदा माझीच अशी जिरली की अजून कावळा ओरडला तरी मला दरदरून घाम फुटतो. तुम्ही हसणारच. हसा बापडे! फक्त चहा सांडू नका.

आमचं गाव शिनोलीच्या अलीकडं, घोड नदीच्या काठाला. तिथं दशक्रियेच्या घाटाशेजारी पंचायतीची ओसाड जागा पडून होती, नुसत्या बाभळी. माझा चुलतभाऊ बापू पेन्शनीत निघाला अन् त्याच्या डोक्यात बाग शिरली. कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं नकाशा काढला. इथं बाकडी, इथं पोरांना झोके, अन् गावापासून नदीपर्यंत म्हाताऱ्याकोताऱ्यांना चालायला पायवाट.

घाटाशेजारी बाग! मी म्हणालो, "बापू, सोय लई भारी केलीस राव. दमला तर बाकड्यावर, लईच दमला तर शेजारी!"

बाग झाली. पायवाट मात्र अडली. का? मधे माझा बांध! बापू तीन वर्षं मागं लागला होता.

"तात्या, आठ फूट दे रं. बाया डांबरीवरनं जात्यात, एखादी उसाच्या गाडीखाली जायची."

"चालायचंच आसंल तर माझ्या नांगरामागं चाल की!"

एवढं बोलून मी टाळी मागायचो. बापू द्यायचा नाही.

आता माझा खेळ ऐका. रोज सकाळी बागेत जाताना मी खिशात शेव न्यायचो. बाकड्यावर कोणी पेपरात डोकं घालून बसला, की मागनं त्याच्या टोपीवर चिमूटभर शेव टाकायची. घाटावरचे कावळे झडप घालायचे. टोपी एकीकडं, पावणा दुसरीकडं! वर्षभरात कावळे असे सोकावले, की मी दिसलो की झाडाझाडानं माझ्यामागं यायचे.

अशात बापू गेला. झोपेतच.

दहाव्याला सगळा गाव घाटावर. बापूच्या पोरानं, सुभाषनं, पिंड ठेवला अन् सगळे मागं सरले. लिंबावर चाळीसेक कावळे. एक ओरडेना. पान हलेना. नदीसुद्धा थांबल्यासारखी.

सुभाष हात जोडून म्हणाला, "बापू, आईला सांभाळीन."

कावळा हलेना.

"धाकटीचं लगीन थाटात करीन."

छे!

भटजी घाम पुसत म्हणाले, "ऊन चढलं. दर्भाचा कावळा करू आता."

"थांबा!" बापूची थोरली बहीण, सखूआक्का, पुढं आली. "कावळं पिंडाकडं बघंनातच. त्ये बघा कुणाकडं बघत्यात!"

सगळ्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडं.

मी दोन पावलं डावीकडं सरलो. चाळीस माना डावीकडं. उजवीकडं सरलो. चाळीस माना उजवीकडं. आईशप्पथ, भर उन्हात पाठीवर काटा आला! त्यांना काय पाहिजे ते मला ठाऊक होतं, पुडा खिशातच होता. पण सांगणार कसं? भावाच्या दहाव्याला शेव घेऊन आलो म्हणून?

"तात्या, बापूचा जीव तुझ्या बांधात आडकलाय. दे सबूद."

"आक्का, त्यांचं येगळंच काय तरी आसंल…"

"आता कावळ्याच्या मनातलंबी तुलाच ठावं व्हय?"

बापूची बायको, आमची वैनी, नुसती माझ्याकडं बघत राहिली. तिचं बघणं कावळ्यांपेक्षा वाईट.

"देतो," मी म्हणालो. "आठ फूट देतो."

कावळा हलेना!

"आठात भागंना वाटतं," मागनं कोणी तरी कुजबुजलं.

"बारा!" मी ओरडलोच. अन् पाया पडायच्या मिषानं वाकून पिंडावर गुपचूप मूठभर शेव सोडली. मागं सरतो न सरतो तोच एक कावळा उतरला अन् पिंडाला शिवला. गावानं हात जोडले. वैनी तेव्हा कुठं रडली.

मी मनात म्हणालो, बांध गेला तर गेला, पण कावळा आणला कुणी? तात्यानं!

लोक पांगल्यावर पुरावा उचलावा म्हणून पत्रावळीपाशी गेलो. शेव जशीच्या तशी. एक कांडीसुद्धा मोडली नव्हती. कावळ्यानं नेला होता तो नुसता भात. लिंबाकडं बघितलं, तर झाडावर एकही कावळा नाही. माझ्यामागं यायला कोणीच नव्हतं.

मी पळालो नाही हो. पायच उचलेनात!

पायवाट झाली. बाया खिदळत माझ्या बांधावरनं नदीला जातात. मोजणीच्या वेळी पंचायतीचा माणूस बापूचा नकाशा अन् टेप घेऊन आलेला. डोकं खाजवत म्हणाला, "तात्या, हितं आठच फूट दिसत्यात. वरचे चार कशापायी?"

"लिही," म्हणालो, "भ्यालो, त्याचे!"