केबिनमधली जागा

"केबिनमध्ये जागा हाये नं बाप्पा, चढा!"

पुण्यात खराडी बायपासला संध्याकाळी कधी उभे राहिला असाल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. विदर्भाकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्सचा तो एजंट. गाडी कितीही भरलेली असो, ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये तो आणखी एकाला बसवायचाच. कुणी रस्त्यावर राहिलं की म्हणे त्याला जेवण जात नसे. त्याच्या पोटाकडे बघून तसं वाटायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

सकाळी तोच माणूस गावाकडून आलेली पार्सलं वाटायचा. माझं माहेर वाशीमचं. तुरीच्या डाळीपासून कुरड्यांपर्यंत सगळं आई त्याच गाडीनं पाठवायची. डबा देताना तो आधी हुंगायचा.

"ताई, ठेचा हाये. नवऱ्याले देऊ नका, रडन."

नवरा माझा सदाशिव पेठेतला, आमटीत गूळ कमी पडला तर तोंड पाडणारा. सल्ला योग्यच होता.

गाडी चालवायचे त्याच्या धाकट्या बहिणीचे यजमान. "जवाई गाडी चालवते, मी भरतो. घरचंच हाये सारं," असं तो कौतुकानं सांगायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शहर पुन्हा बंद होणार अशी बातमी आली आणि बायपासला जत्रा लोटली. आईची औषधं गाडीत द्यायला मी गेले होते. एक बाई कडेला पदर तोंडाशी धरून खोकत होती. गाडी गच्च भरलेली. जावयांनी नाही म्हणून मान हलवली. यानं बाईकडे पाहिलं, मोकळ्या होत चाललेल्या रस्त्याकडे पाहिलं.

"जवाईबापू, केबिनमध्ये घ्या. एकटी बाई कुठं जाईन?"

जावई सरकले.

पुढच्या पंधरवड्यात बातम्या आल्या त्या गाडीच्या थांब्यांच्या क्रमानं. आधी गाडी जेवायला थांबते त्या ढाब्यावरचा वाढपी, मग जालन्याला उतरलेले, मग मेहकरचे, मग एसटीसुद्धा दिवसातून एकदाच जाते अशी आतली खेडी. आमचे डबे ज्या रस्त्यानं यायचे, त्याच रस्त्यानं उलटा जात आजार घरोघर उतरला. शेवटी जावई गेले.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पण तो मनातून पार खचला. उभ्या माणसाला "जागा नाही" म्हणायचा आणि तोंड फिरवायचा. बहीण मात्र त्याच्यासाठी त्याच गाडीनं डबा पाठवत राहिली. तो डबा न उघडता माझ्या हातात द्यायचा.

"अहो दादा, तुमच्यासाठी पाठवलाय तिनं."

"खाल्ला तं फोन करा लागन, ताई. फोन केला तं बहीण विचारन, त्या बाईले केबिनमध्ये काहून बसवलं."

"कधी विचारलंय का तिनं?"

"नाही नं. तेच तं."



गेल्या महिन्यात एका सकाळी त्या गाडीतून एक बाई उतरली. इकडेतिकडे पाहत म्हणाली, "माहा दादा इथंच राह्यते नं?" ती येतेय हे नव्या ड्रायव्हरनं त्याला आदल्या दिवशीच कळवलं होतं. तो आलाच नाही. फोन बंद, खोलीला कुलूप. मी तिला चहाच्या टपरीवर बसवलं. फार वाईट वाटत होतं.

कपातला चहा निवत राहिला आणि ती बोलत राहिली. "ह्यांच्या अंगात ताप पहिलेपासूनच होता, ताई. गाडी काढायच्या आधी मले फोन केला होता. म्या म्हटलं, गोळी घ्या अन् निघा, मंग रस्ते बंद होतीन. दादाले सांगू नका, तो गाडी चालवू देणार नाही. ते खोकणारी बाई तं चांगली हाये अजून, चौकशी केली म्या. एवढी माणसं पडली ते माह्या एका शब्दापायी. फोनवर बोलाले जीभ रेटली नाही, म्हणून आली."

खिडक्या लावलेल्या गाडीत रात्रभर सगळे एकमेकांचाच श्वास घेत होते, कुणाचं कुणाला लागलं ते आता कोण सांगणार, असं मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली.

तो काही परत आला नाही. आता कुठल्या हमरस्त्यावर, कुठल्या थांब्यावर गाड्या भरतो, कुणाला ठाऊक नाही. तुम्ही प्रवास करता. भेटलाच कुठे, तर त्याला एवढं सांगा, की ताप आधीचाच होता. बहीण स्वतः येऊन सांगून गेली.