फक्कीत आखलेलं माहेर

धुळ्याच्या बाहेर शिरपूरच्या रस्त्याला प्लॉट घेतला, तेव्हा सही करताना विकणारा मला म्हणाला की तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. मी ते कौतुकच समजलो. व्यवहारातून मी दोनदा उठून गेलो होतो. त्यातला एक राग नाटकी होता, दुसरा खरा. पाण्याच्या जुन्या मोटारी घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, यात माझी उमर गेली. समोरच्याला घाई किती आहे, हे तो खुर्चीत कसा बसतो यावरून मला कळते.

पण ही जागा मी धंद्याच्या डोक्याने घेतली नव्हती. दोंडाईच्याजवळच्या गावातले आमचे घर वाटणीत मोठ्या भावाकडे गेले. मला काय मिळाले? नुसते गोड शब्द. तेही मी सोडून दिले असते. पण आई-वडील गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला आमची अक्का नेहमीसारखी पिशवी घेऊन माहेरी आली. भावाने तिला ओट्यावरच सांगितले, आता घरात गर्दी होते, सकाळी येऊन संध्याकाळी जात जा. अक्षय्यतृतीयेची आमची आखाजी म्हणजे खानदेशात लेकींचा सण. झोके बांधायचे, आमरस खायचा, आठ-आठ दिवस कुणाचे ऐकायचे नाही. त्या दिवशी लेकीला परतीच्या गाडीचे वेळापत्रक सांगितले गेले. मी गावात जाऊन भावाशी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. तो ओटा मी पुन्हा चढलो नाही, आणि अक्काने पुन्हा कुठल्याच भावाकडे मुक्काम केला नाही. माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांतही यायची ती सकाळी, रिकाम्या हाताने, आणि दिवेलागणीच्या आत निघायची.

म्हणून घर बांधायचे होते. अक्का राहायला आली पाहिजे.

इंजिनियर तरुण होता, मला नाना म्हणायचा. त्याने नकाशा मोबाइलवर पाठवला. मी तो उभा-आडवा करून पाहिला, काही कळले नाही. त्याला म्हटले, जमिनीवर काढून दाखव. होळी झाल्यावर एका रविवारी त्याने प्लॉटवर दोरी ताणून पांढऱ्या फक्कीने अख्खे घर आखले. मी आणि बायको त्यात हिंडायला लागलो तेव्हा मला लग्नाच्या दिवसासारखे वाटत होते. मी हॉलमधून सरळ स्वयंपाकघरात गेलो, तर ती ओरडली, "अहो, भिंतीतून कुठे? दारातून या." मी मागे जाऊन दारातून आलो. मग ती फक्कीच्या ओट्याशी उभी राहून खोटा चहा टाकू लागली आणि म्हणाली, साखर संपलीय, उधार मिळेल का बघा. इंजिनियर हसत होता. मीही हसलो, जे माझ्या दुकानात कुणी पाहिलेले नाही.

हॉल मी मुद्दाम दांडगा ठेवला होता. भावाच्या हॉलमध्ये किती फरशा बसतात ते मला पाठ होते. पुढचा ओटा त्याच्यापेक्षा उंच. नियमाने सोडावी लागते तेवढी जागा सोडून बाकी सगळा प्लॉट बांधकामाखाली. पैसे मोजलेत, मग मोकळी जागा कशाला ठेवायची, असा माझा हिशेब. आणि वरच्या मजल्यावर अक्कासाठी खोली, तिला स्वतंत्र बाथरूम.

त्याच दिवशी तिला फोन करून बोलावले. ती शिरपूरकडून बसने आली. हातात पिशवी नव्हती, ते मी आधी पाहिले. मी तिला प्रत्येक खोली फिरवली, वरचा मजला मोबाइलच्या नकाशावर दाखवला. तिने चष्मा लावून तिच्या खोलीवरची अक्षरे वाचली. इंजिनियरने तिथे 'पाहुण्यांची खोली' लिहिले होते.

"पाहुनी शे का मी?" ती म्हणाली.

मी इंजिनियरवर घसरलो. तुला लिहायची अक्कल नाही, वगैरे. अक्काने मला थांबवले नाही. ती फक्कीच्या रेघांच्या बाहेर जाऊन चारी बाजू पाहून आली आणि शांतपणे विचारले, "आंगन कोठे शे?"

मी सांगितले, गच्ची आहे की. तिने विचारले, वैशाखात तापलेल्या गच्चीवर चूल मांडून मी पुरणाचे मांडे करू का? झोका काय हॉलच्या पंख्याला बांधायचा? हे घर तू माझ्यासाठी नाही, त्याला दाखवायला बांधतो आहेस.

माझे डोके तापले. मी म्हटले, ज्याने तुला ओट्यावरून परतवून लावले त्याला दाखवायलाच पाहिजे. बायको मध्ये पडायला आली. तोवर अक्का हॉलच्या मधोमध जमिनीवर बसली होती. समोर चुलीवर मांडे भाजायचे मातीचे उपडे खापर आहे असे धरून तिने हातांवर पोळी मोठी करायला सुरुवात केली. मांडे लाटत नाहीत, दोन्ही हातांवर फिरवून कोपरापर्यंत पसरवतात. तिचे कोपर इकडून तिकडे फिरत होते. समोर बायको पोळी घ्यायला बसली.

"इतलं आंगन पाहिजे. टाक फक्की," अक्का इंजिनियरला म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी अर्धा हॉल वाचवायचा प्रयत्न केला. चूल भिंतीला टेकव म्हटले. ती म्हणाली, धूर तुझ्या बेडरूममध्ये जाईल. झोका बारका बांध म्हटले. ती म्हणाली, तू बस बारक्या झोक्यावर. शेवटी मी चपलेने हॉलची भिंत पुसत गेलो, ती हात हलवून आणखी मागे म्हणत गेली, आणि थांबली तेव्हा माझा हॉल भावाच्या हॉलपेक्षा लहान झाला होता. ते मला लागले. आजही लागते.

मग मी विचारले, घर बांधून झाल्यावर तरी राहायला येशील ना? पुढच्या आखाजीपर्यंत होईल. ती उठून लुगडे झटकत होती.

"घर ऱ्हाऊ दे. आंगन तं शे ना. याच आखाजीले येस मी."

रात्री भाड्याच्या खोल्यांत झोपायचे, दिवसा इथे मांडव घालून चूल मांडायची, असे तिने आणि बायकोने तिथेच ठरवले. किती दिवस, म्हणून विचारले, तर ती चार म्हणाली. मी आठ म्हणालो आणि हटलो नाही.

बसला वेळ होता, म्हणून तिला घेऊन कुंभारवाड्यात गेलो. तिने एकेक खापर बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. मी किंमत पाडायला तोंड उघडले, तशी तिने मला हाताने मागे सारले.

"माहेरनं खापर शे. याना भाव तू करू नको."

 मग तिने पदर खोचला आणि कुंभारणीशी स्वतःच घासाघीस सुरू केली.